खुनाआधीचा पस्तावा

"पण शेजूळसाहेब, तो रडतो ते खुनानंतर," प्राध्यापक तौर म्हणाले. "तुम्ही म्हणता तसं आधी नाही."

अंबडच्या कॉलेजात वाङ्मय मंडळाचा कार्यक्रम होता. मच्छिंद्र शेजूळ टेबलाशी उभा होता. गळ्यात नुकताच पडलेला हार काढावा की राहू द्यावा, हेच त्याला कळेना.

"आधीच रडतो, सर. मी स्वतः पाहिलंय."

"मीही पाहिलंय. जालन्यातच, तुमच्याच टॉकीजमध्ये, सोमवारी." तौर सरांनी वर्तमानपत्राचं कात्रण वर धरलं. "हे परीक्षण सुंदर आहे. फक्त सिनेमा पाहून लिहिलं असतं तर आणखी बरं झालं असतं."

पोरं खदखदून हसली. कुणीतरी मागून शिट्टीही मारली. मच्छिंद्र खाली बसला. आमंत्रण आलं म्हणून हौसेनं व्याख्यानाला आला होता बिचारा. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मच्छिंद्र नवीन जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत कारकून होता. आठवडाभर मका-बाजरीच्या पिशव्या कुठल्या गाडीत गेल्या ते लिहायचं, आणि रविवारी गावातल्या चार पानी दैनिकात 'रविवारचा पडदा' हे सदर. सदराचे पैसे मिळत नसत. टॉकीजचा पास मिळे, आणि चहाच्या टपरीवर लोक विचारत, "शेजूळसाहेब, कसाय पिक्चर?" एवढ्यावर तो खूश होता. त्याचा एकच नेम होता: न पाहिलेल्या सिनेमावर एक ओळ लिहायची नाही. पोस्टर पाहून परीक्षणं पाडणारे त्याला माहीत होते, आणि त्यांच्याविषयी तो फार तुसडेपणानं बोले. त्यामुळे तौर सरांचं ते वाक्य नेमकं लागायचं तिथंच लागलं.

'दाहिना हाथ' हा सिनेमा एका जुन्या विलायती नाटकावरून काढला होता. नाटकात राजा, सिनेमात ठाकूर. ठाकुरानं लहानाचा मोठा केलेला माणूसच त्याला मारतो आणि गादी घेतो. नायक होता सूरजराज. या सूरजराजला मच्छिंद्रनं वर्षानुवर्षं झोडपलं होतं. 'बिजलीसिंग' नावाच्या डाकूचे सहा भाग त्यानं केले, सगळे एकाच चेहऱ्यानं. पाचव्या भागात बिजलीसिंग दरीत पडून मेला, सहाव्यात घोड्यावर बसून परत आला, आणि जालन्याच्या पब्लिकनं त्याचं स्वागत केलं. 'या नटाचा घोडा त्याच्यापेक्षा चांगलं काम करतो,' असं मच्छिंद्रनं तेव्हा लिहिलं होतं.

आणि 'दाहिना हाथ' पाहताना तोच मच्छिंद्र रडला. पडद्यावर ठाकूर दिवाणखान्यात दूध पितोय, आणि एकदम सूरजराज कुणाच्या तरी समाधीवर डोकं ठेवून हुंदके देतोय. मग तो गादीवर बसतो, हुकूम सोडतो, आणि अगदी शेवटी कळतं की ठाकुराचा खून यानंच केला. मच्छिंद्रनं लिहिलं: 'दिग्दर्शकाने काळ उलटा केला आहे. आधी पस्तावा दाखवला, मग पाप. माणूस रडतो तेव्हा तो कशासाठी रडतो हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून आपण त्याच्या बाजूचे होतो. सूरजराज, आम्ही चुकलो.' असं त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं होतं. त्या एका परीक्षणावर तर अंबडचं आमंत्रण आलं होतं.

जालन्याला परतताना एसटीत त्याचं डोकं गरगरायला लागलं. तौर सर खोटं कशाला बोलतील? मग आपण काय पाहिलं? झोप लागली होती का? स्वप्न पडलं का? असं घडल्याचं कधी ऐकलं नव्हतं, पण वयही झालं होतं.

स्टँडवरून तो घरी गेलाच नाही, तडक टॉकीजवर गेला. मशीनच्या खोलीत ऑपरेटर मुबारक होता. दोघांची जुनी ओळख. मच्छिंद्रनं सगळं सांगितलं, तसा मुबारक स्टुलावर बसला.

"तुम्ही शुक्रवारच्या पहिल्या शोला आल्ते ना?"

"मी नेहमीच पहिल्या शोला येतो."

"मंग बराबर हाय." मुबारकनं खालून फिल्मचे दोन डबे काढून त्याच्यापुढं ठेवले. "वाचा."

एकावर इंग्रजी सहा होता, दुसऱ्यावर नऊ. मुबारकनं एक डबा हातातल्या हातात फिरवला. सहाचा नऊ झाला.

"डबा गोल. त्याला ना वरतं ना खालतं. सहाच्या खाली रेघ मारायचा कायदा हाय, कोणीतरी मारली न्हाई. फिल्मची पेटी रेल्वेनं आली, ती बी येळेवर न्हाई. पब्लिक खुर्च्या आपटून राह्यलं होतं. जल्दीमधी म्या सहाच्या जागी नऊ लावलं, अन् नऊच्या जागी सहा. दुसऱ्या शोपासून बराबर केलं."

"अन् कोणी काही बोललं नाही?"

"कोणी न्हाई, साब. बिजलीसिंग मरून उठला तवा बोलले का?" मुबारक हसला, आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. "पेपरात येऊ देऊ नका. मालकानं दोनदा बोललेलं हाय. आता एक तक्रार आली, का चावी ठेवायची अन् घरी जायचं. ह्या वयात मला दुसरं मशीन कोण देईल?"

मच्छिंद्रनं तिथल्या चौकोनी भोकातून सिनेमा पाहिला. खून झाला, मग राज्य, मग रडणं. सगळं जागच्या जागी होतं, आणि त्याला काहीच वाटलं नाही. सूरजराज ठोकळ्यासारखा रडत होता. मग शुक्रवारी आपण रडलो ते कशापायी? नटाच्या कामानं, नाटकवाल्याच्या गोष्टीनं, की मुबारकच्या घाईनं? चांगला सिनेमा कोणता, दिग्दर्शकाचा की गफलतीतून झालेला? इतकी वर्षं परीक्षणं लिहून एवढं साधं सांगता येऊ नये, याची त्याला लाज वाटली.

घरी बायकोनं, पुष्पाबाईनं, ताट वाढलं आणि सगळं ऐकून घेतलं. शुक्रवारी तीही टॉकीजमध्ये त्याच्या शेजारीच बसली होती.

"मला तं तवाच वाटलं," ती म्हणाली. "आत्ता ठाकूर दूध पिऊन राह्यला होता, एवढ्यात समाधी कधी बांधली?"

"मंग तवा का नाही बोललीस?"

"तुम्ही डोळे पुसून राह्यले होते. तवा काय बोलावं माणसानं?"

दुसऱ्या दिवशी संपादक काकासाहेबांनी बोलावणं पाठवलं. "तौर सरांचा फोन आल्ता," ते म्हणाले. "म्हणे, तुमचा माणूस पिक्चर न बघता लिहितो. खरंय का?"

"बघितला होता, काकासाहेब."

"मंग उलटं कसं लिहिलं? टॉकीजवाल्याची काही गडबड झाली का? झाली असंल तं तसं छापू. बिलकुल छापू. आपल्या पेपरची अब्रू हाय."

मच्छिंद्रच्या अगदी ओठावर आलं होतं. एक वाक्य, आणि तो मोकळा झाला असता. तौर सरांनाच खजील व्हायला लागलं असतं. त्याला ते वाक्य फार बोलावंसं वाटत होतं, आणि डोळ्यापुढं स्टुलावर बसलेला मुबारक येत होता.

"नाही," तो म्हणाला. "टॉकीजचं काही नाही. माझीच गफलत."

"म्हंजे बघितला न्हाई?"

मच्छिंद्रला हो म्हणवेना आणि नाही म्हणता येईना. तो मान खाली घालून बसला. काकासाहेबांना जे समजायचं ते समजलं.

रविवारी सदराच्या जागी चौकट आली: 'दाहिना हाथ या चित्रपटाच्या परीक्षणात गंभीर चूक झाली आहे. तिची जबाबदारी परीक्षकाची आहे.' त्याच्या पुढच्या रविवारी सदर तेच राहिलं, खाली नाव प्राध्यापक तौर असं आलं. टपरीवर लोकांनी एक-दोनदा चेष्टा केली, मग विचारायचंच सोडलं. मुबारकला हे कुणी सांगितलं, की त्यानं वाचलं, माहीत नाही. तो एकदा बाजारात भेटला, मच्छिंद्रचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला, आणि निघून गेला.

मच्छिंद्रला वाईट वाटत होतं, फार वाईट. पण आपण चूक केली असं काही केल्या वाटत नव्हतं, आणि बरोबर केलं असंही छातीठोक सांगता येत नव्हतं.

नवा सिनेमा लागला त्या शुक्रवारी तो पुष्पाबाईला घेऊन रांगेत उभा राहिला आणि तिकीट काढून आत जाऊन बसला. शेजारच्या खुर्चीत कंपनीतला रामकिसन होता. त्यानं वळून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "अरे वा, शेजूळसाहेब! तुम्ही पिक्चर बघता बी का?"

पुढच्या-मागच्या रांगेतले हसले. पुष्पाबाई ताडकन वळली. "अहो, सांगा ना त्यांला. सांगून टाका एकदाचं."

मच्छिंद्रनं तिच्या हातावर हात ठेवला.

"बघतो," तो रामकिसनला म्हणाला. "पहिल्या शोला असतो मी."

दिवे गेले. त्यानं चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि तो ताठ बसून पडद्याकडे पाहू लागला.