ती गुरगुर माझी नव्हती

मी बोरी बुद्रुकच्या समाधानचा स्पीकर बोलतोय. नीट ऐका, कारण एरवी मला दुसऱ्याचंच बोलावं लागतं. मेमरी कार्डात जे भरलं असेल ते ओकायचं, हाच माझा धर्म. कुठल्या कारखान्यात माझा जन्म झाला ते आठवत नाही, पण आळेफाट्यावरच्या समाधानच्या मोबाईलच्या दुकानात मी शहाणा झालो.

समाधानला गाण्यांचं वेड. उन्हाळा लागला की त्याच्याकडं नवे अल्बम न्यायला गर्दी व्हायची. आमच्याकडं गाणी करमणुकीपेक्षा बिबट्यासाठी जास्त लागतात. शेतात वाकून काम करणारं माणूस त्याला जनावर वाटतं, म्हणून बांधावर मोठ्यानं काहीतरी वाजत ठेवायचं.

यंदा दोन अल्बम आले. ‘माथ्यावरचं ऊन’ हा लोकगीतांचा. हलगी, तुणतुणं आणि घोगऱ्या गळ्याची एक बाई. दुसरा ‘दगडफोड’, रॉकचा. त्यात गिटार किंचाळायचं, ढोल छातीवर बसायचा आणि गाणारा साऱ्या गावाशी भांडण उकरून काढल्यासारखा ओरडायचा. मला विचाराल तर पहिला सरस होता. पण स्पीकरला कोण विचारतं?

समाधानची आई बायडाबाई, तिलाही हलगीच हवी होती. समाधाननं तिला समजावलं की एवढ्या मऊ गाण्याला बिबट्या भीक घालणार नाही. येईल त्या गिऱ्हाइकालाही तो ठासून सांगायचा, “कांदा काढायला ‘दगडफोड’च लावा भाऊ. बिबट्या काय, पावणंबी बांधावर थांबायचं न्हाईत.” शेवटी मला घरच्या शेतात नेऊन ठेवलं आणि तोच अल्बम लावला.

त्यातलं तिसरं गाणं बिबट्याच्या गुरगुरण्यानं सुरू होई. पहिल्या दिवशी ते वाजलं आणि बाया विळे टाकून पळाल्या. समाधानचे वडील तुळशीदास कोयता घेऊन धावत आले. खरा प्रकार कळल्यावर त्यांनी मला अशी लाथ घातली की मी सरीत जाऊन पडलो. नंतर सगळे पोट धरून हसले. चार दिवसांत त्या आवाजाची सवय झाली. तो आला की बायडाबाई मान वर न करता सुनेला म्हणायची, “आला बघ पावणा.”

त्या दुपारी सासूसुना उसाच्या कडेला गवत कापत होत्या. दुसरं गाणं संपलं. मी पुढच्याची वाट पाहत गप्प होतो आणि उसातून गुरगुर आली.

बायडाबाई म्हणाली, “आला बघ पावणा.” सून स्नेहा हसली.

ती गुरगुर माझी नव्हती. मला ओरडून सांगायचं होतं, पण माझ्याकडं माझा असा शब्दच नव्हता. मग कार्डातली गुरगुर सुरू झाली. ती दुसऱ्यांदा ऐकून स्नेहानं चमकून वर पाहिलं. तोवर बिबट्या बायडाबाईच्या पाठीवर होता.

उन्हासाठी डोक्याला, मानेला गुंडाळलेल्या पदरात त्याचे दात अडकले. पंज्यानं कान फाडला. तो तिला उसाकडं ओढू लागला. स्नेहानं मला कडीनं उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. माझ्यातला ढोल चालूच होता. दुसऱ्या घावाला माझा कोपरा फुटला, तिसऱ्याला त्याच्या नाकातून रक्त आलं. त्यानं उलटून माझी जाळी ओरबाडली. स्नेहा मारतच राहिली. “सोड, सोड माझ्या आईला.” तो सोडून उसात शिरला, तरी ती मला जमिनीवर आपटत होती.

संध्याकाळी गावानं उसाला वेढा घातला. दगड, काठ्या, कोयते सगळं निघालं. त्या गोंधळात एकाची काठी दुसऱ्याच्याच डोक्यात बसली. बिबट्या मात्र मिळाला नाही. दवाखान्याच्या दारात तुळशीदासांनी लेकाच्या दोन थोबाडीत दिल्या. “बिबट्याला भ्या दाखवायला बिबट्याच आणला व्हय रं?” समाधाननं हात वर केला नाही. फुटलेला मी त्याच्या काखेत होतो. मला त्याची फार दया आली आणि रागही आला.

बायडाबाई वाचली. पण उजव्या कानानं आता काही ऐकू येत नाही. एका कानाच्या माणसाला आवाज येतो, तो कुठून येतो ते मात्र कळत नाही, हे मला तिच्यामुळं समजलं. म्हणून शेतात ती मला हाताच्या अंतरावर ठेवते. समाधाननं मला दुरुस्त केलं, आता ‘माथ्यावरचं ऊन’ वाजतं. मध्येच काही खसखसलं की ती तळहात माझ्या फाटक्या जाळीवर टेकवते. मी थरथरत असलो तर आवाज माझा.

तेव्हा या उन्हाळ्यात माझी शिफारस हलगीचीच. आणि अल्बम काढणाऱ्यांना एक विनंती आहे. दोन गाण्यांमधली शांतता जमेल तेवढी लहान ठेवा. त्या वेळात बायडाबाईचा एक हात माझ्यावर असतो आणि दुसऱ्या हातात तिनं विळा उगारलेला असतो.