सातवं ताट

ताटं घ्यायला बाजारात गेलात, तर विश्वास कुणावर ठेवाल? दुकानदारावर? तो तर विकायलाच बसलाय. खिशात लोहचुंबक घालून सोबत आलेल्या मेहुण्यावर? चुंबकाला लोखंड कळतं, संसार कळत नाही. माझं ऐकाल तर जो तुमच्यादेखत पडतो आणि उठतो, त्याच्यावर ठेवा. मी बारामतीच्या राजमहंमदभाईंच्या दुकानातलं पडायचं ताट बोलतोय.

एका डझनाच्या गठ्ठ्यात मी आलो. गठ्ठा सोडताना राजभाईंच्या हातून निसटलो आणि शहाबादी फरशीवर असा खणखणलो, की दारातून नुसतं डोकावणारं गिऱ्हाईक आत आलं. माझ्या काठाला बारीकसा पोचा पडला होता. गिऱ्हाइकानं मला उचललं, पोच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणालं, "एवढंच? मग द्या सहा." धंद्याची अक्कल कुठल्या शाळेत मिळत नाही, अशी पडलेल्या वस्तूत सापडते. त्याच दिवशी राजभाईंनी मला गल्ल्यामागच्या खिळ्यावर टांगलं. माझी अकरा भावंडं घरोघर गेली. मी नमुना झालो.

बारा वर्षं माझं एकच काम होतं. गिऱ्हाईक विचारणार, "टिकंल का?" राजभाई मला छातीएवढ्या उंचीवरून सोडणार. एकदा डाळजचे एक तात्या म्हणाले, "तुमी सोडता ते तुमच्या सवयीचं. मी सोडतो." सोडलं ते स्वतःच्याच पावलावर. मी खणखणलोच नाही. तात्या एका पायावर उभे राहून म्हणाले, "ताट भक्कम हाय. पाऊल न्हाय." तरी चार घेऊन गेले.

राजभाईंकडून मी ताट पारखायला शिकलो. कडेच्या दुमडीखालून नख फिरवा. अडकलं तर दुमड उघडी आहे. तिथं पाणी साचणार आणि वर्षभरात घासणीला काळं लागणार. सगळी ताटं एकात एक घालून बघा. डगमगली तर माप निरनिराळं. मेलामाइन दिसतं गोड, पण आपल्या हळदीपुढं वर्षभरात पिवळं पडतं. हे सगळं मला पाठ होतं. पण ताट असून एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझ्यावर कधी कुणी जेवलं नव्हतं. रमजानात एकदा खजूर ठेवले होते, तेही कागदात.

राजभाई गिऱ्हाइकाला किंमत नंतर सांगत. आधी विचारत, "घरात माणसं किती?" मग घरातली बाई बोटांवर मोजायची. खिळ्यावरून मला एक दिसायचं. जी मोजते, ती स्वतःला मोजत नाही. हे राजभाईंनाही दिसत असणार, माणूस हुशार. पण सेट सहाचा येतो. सहा म्हटलं की दोरी बांधून मोकळं. सातवं कोण, हे विचारायच्या फंदात ते कधी पडले नाहीत.

मग एका बाजारच्या दिवशी सणसरहून तिघं आली. सिंधुबाई, त्यांचा मुलगा हनुमंत आणि दीड महिन्याची नवी सून प्रतिक्षा. लग्नात आहेराची ताटं आली होती अकरा, पण अकरा मापांची आणि पापडासारखी पातळ.

"रोजच्या जेवणाला द्या भाऊ," सिंधुबाई म्हणाल्या. "आहेरातल्या ताटात आमटी वाढली की ताटच वाकतं."

"ताट न्हाय वाकत वहिनी, पावणा वाकतो. लाजंनं." राजभाई हसले. मला सोडलं, मी खणखणलो. "घरात माणसं किती?"

सिंधुबाईंनी बोटं धरली. "हे एक. आमच्या सासूबाई दोन. हनुमंता तीन, सूनबाई चार. वस्तीवरचा गडी म्हस्कू पाच. आन पावणारावळा एक धरा. सहा."

राजभाईंनी दोरी घेतली.

"सात, आत्या," प्रतिक्षा म्हणाली.

"सातवं कोण गं?"

"तुमी."

सिंधुबाई मोकळ्या हसल्या. "माझं काय! भाकरी झाल्या की पिठाची परात पुसायची, तीच पुढं घ्यायची आन उरकायचं. तीस वर्सं तसंच चाललंय."

"न आलेला पावणा धरला आत्या, आन तुमी न्हाय व्हय?"

हनुमंत खाली फरशीकडं बघायला लागला. आई कशात जेवते, हे त्याला सांगता आलं नसतं. तो जेवून उठल्यावर ती जेवायची.

राजभाईंनी गठ्ठ्यातली ताटं मोजली. "सूनबाई, ह्या घडणीची सहाच उरल्यात. सातवं पुढच्या बाजारी देतो की."

"पुढचा बाजार येईस्तोवर परात हायेच म्हणतील आत्या. मग आलंच सातवं!" तिनं वर बघितलं. "ते खिळ्यावरचं तसलंच हाय की."

बारा वर्षांत मला कुणी मागितलं नव्हतं.

"ते इकायचं न्हाय. बारा वर्सं झाली, ते पडायचं हाय."

"बारा वर्सं पडलं, आता जरा बसू द्या त्याला," प्रतिक्षा म्हणाली. "पोच्याचं मी घेते. आत्याला नवं."

सिंधुबाईंनी मला हातात घेतलं. पोच्यावर अंगठा ठेवला. मी वाट बघत होतो. त्यांनी परत खिळ्यावर टांगलं असतं, तर माझं सगळं आयुष्य आपटण्यातच गेलं असतं.

"नव्या नवरीनं पोच्यात जेवायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "हे माझं. नव्यात माझा जीव बसायचा न्हाय."

राजभाईंनी मला काट्यावर ठेवलं. आकडा बघून म्हणाले, "बघा वहिनी, इतकं आपटलं, पर आलं तेवढंच भरतंय." मग नाव घालायचं मशीन जवळ ओढलं. आमच्याकडं भांड्यावर नाव पडतं ते घरच्या पुरुषाचं, नाहीतर आहेर करणाऱ्याचं. त्यांनी सवयीनं विचारलं, "हनुमंत दादासो, एवढंच घालू का आडनाव बी?"

"सहावर तेच घाला," प्रतिक्षा म्हणाली. "सातव्यावर नुसतं सिंधुबाई."

सुई टोचत गेली. फरशीवर पडताना दुखलं नाही इतकं ते दुखलं, आणि इतकं बरंही कधी वाटलं नाही. माझे पैसे राजभाईंनी घेतले नाहीत. दोरी बांधताना हळूच म्हणाले, "सूनबाई, मी लई संसार बांधून दिले. वाढणारी कधी मोजली न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी सणसरला सात ताटं मांडली. त्यात पावण्याचं एक रिकामं. सिंधुबाईंनी सगळ्यांना वाढलं आणि पाय आपसूक चुलीकडं वळले.

"परात धुऊन पालथी घातलीया, आत्या," प्रतिक्षा म्हणाली. "बसा."

"आगं, गरम भाकरी कोण दील?"

"दुरडीत हायेत. घेतील हातानं. त्यास्नी हात न्हाईत व्हय?"

म्हाताऱ्या सासूबाई, भामाबाई, बोळक्या तोंडानं खुदकन हसल्या. "बस गं सिंधू. मला बी कुणी म्हणलं न्हाय बस म्हणून. तू तरी बस."

सिंधुबाई बसल्या, अंग चोरून, दुसऱ्याच्या घरी बसावं तशा. माझ्यावर बाजरीची भाकरी आली, ठेचा आला, कढत आमटी आली. बारा वर्षं मला फक्त गार फरशी माहीत होती. ऊब काय असते ते त्या दुपारी कळलं.

पण बारा वर्षं आपटून काठाचा पोचा बुडापर्यंत उतरला होता, त्यानं घोटाळा केला. मी कलंडलो आणि आमटी भाकरीखाली पळाली. सिंधुबाई संकोचून हातानं काठ सावरायला लागल्या. समोर दादासो बसले होते, त्यांचे यजमान. तीस वर्षांत त्यांनी बायकोला जेवताना पाहिलं नव्हतं. त्यांनी खिशातून चुन्याची डबी काढली, पुढं सरकून माझ्या पोच्याखाली टेकण म्हणून लावली, आणि परत आपल्या घासाकडं वळले. आमटी एका बाजूला नीट जमली. सिंधुबाईंनी मान खाली घालून पहिला घास घेतला. मला तेव्हा आमटीपेक्षा जरा खारट काहीतरी लागलं.

आता माझं ठीक चाललंय. काठाला ओरखडे आलेत, ते जेवणाचे आहेत, पडण्याचे नाहीत. डबी अजून रोज लागते. दादासोंनी चुना सोडला, डबी नाही सोडली. परवा प्रतिक्षा पेले आणायला बारामतीला गेली होती. सांगत होती, खिळ्यावर आता दुसरं ताट आहे, आणि कुणी सहा म्हटलं की राजभाई दोरी खाली ठेवून विचारतात, "वाढणारी धरून?"

तुम्हीही नव्या संसाराला ताटं घ्याल. कडेखालून नख फिरवा, एकात एक घालून बघा, पाडूनही बघा. पण घरी येऊन पंगत बसली की एकदा मोजा. किती ताटं, किती माणसं. आणि जी उभी असेल, तिला धरून मोजा. एवढा एक हिशेब तेवढा खरा ठेवा.