भोंग्याचा शब्द

मित्रांनो, जरा मागे सरका. मी बोलायला लागलो की जवळच्यांच्या कानठळ्या बसतात, आणि मग तुमच्या आया माझ्या नावाने बोटं मोडतात. सरकलात? छान. मी एक जुना भोंगा आहे. तोंड रुंद, मान बारीक, रंग मूळचा राखाडी. सध्या मुक्काम नगरपालिकेच्या गोदामात, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी. अंगावरच्या रंगाचे पोपडे निघालेत, पण आवाजाला अजून गंज चढलेला नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण स्वतःची दवंडी पिटायला लाजला तो भोंगा कसला!

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. कारागिराने ॲल्युमिनियमची सपाट चकती फिरत्या साच्यावर चढवली, लांब दांड्याने हळूहळू दाबत नेली आणि बघता बघता तिचं फूल केलं. मग माझ्या पाठीशी एक डबी बसवली. तिच्यात चुंबक, तारेचं वेटोळं आणि कागदासारखा पातळ पडदा. खरं बोलतो तो पडदा, मी फक्त त्याचं बोलणं दूरवर पोहोचवतो. तपासणीच्या टेबलावर कुणीतरी माईक तोंडाशी धरला आणि माझ्यातून पहिला शब्द बाहेर पडला, "हॅलो!" दुसरा शब्दही "हॅलो!" आम्हा भोंग्यांच्या घराण्यात याहून निराळं बारसं होत नाही.

मला विकत घेतलं एका बहीणभावाने. भाऊ टेम्पो चालवायचा, म्हणून त्याला सगळे सारथी म्हणत. थोरली बहीण त्याच्या शेजारी बसून माईकवर बोलायची. तिचं खरं नाव काय होतं ते तिच्या घरच्यांनाच ठाऊक, गावासाठी ती माईकताई. आवाज असा खणखणीत, की ती घरात कुजबुजली तरी शेजाऱ्यांना बातमी कळे. मला टेम्पोच्या टपावर पक्का आवळून सारथी म्हणाला, "ताई, आता तुझा आवाज आणि याचं तोंड. कुणाची टाप आहे न ऐकण्याची!"

सकाळी आम्ही नगरपालिकेचे. उद्या पाणी येणार नाही, परवा लसीकरण आहे, अमुक रस्ता बंद राहील, असले निरोप आम्ही गल्लोगल्ली पोहोचवायचो. सुरुवातीला फार गंमत होई. कचेरीतून कागद यायचा, 'सर्व संबंधित नागरिकांना याद्वारे जाहीर आवाहन करण्यात येते की'. हा 'की' येईपर्यंत टेम्पो कोपरा ओलांडून जायचा. पहिल्या गल्लीला खात्याचं नाव ऐकू येई, दुसरीला साहेबांचं, आणि तिसरीच्या वाट्याला नुसतं 'सहकार्य करावे'. पाणीखात्याच्या इंजिनिअरबाईंनी एकदा स्वतःच्या गॅलरीतून आम्हाला ऐकलं आणि घरच्यांना विचारलं, "अहो, कशाला सहकार्य करायचंय?" आपलाच कागद आपल्यालाच कळला नाही म्हणून त्या पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लहान वाक्यं लिहायला घेतली, सारथीला प्रत्येक चौकात गाडी थांबवायला सांगितलं, आणि आमचा निरोप अख्खाच्या अख्खा लोकांच्या कानी पडू लागला.

काय दिवस होते ते! आम्ही वळणावर दिसलो की लोक हातातलं काम टाकून उंबऱ्यात येत. म्हातारे कानामागे तळहात धरत. लसीकरणाच्या दिवशी शाळेबाहेर एवढी रांग लागली, की डॉक्टरांनी टेम्पोजवळ येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. थाप खरं तर माईकताईला मिळायला हवी होती, पण मी ती मुकाट्याने ठेवून घेतली.

दुपारी मात्र आम्ही दुकानदारांचे. त्यात काही गैर नाही, चार पैसे मिळवायला कुणाला बंदी आहे? पण दुकानदारांची भाषा निराळी. कापडवाल्याचा 'आज शेवटचा दिवस' आम्ही सगळा हंगाम फिरवला. त्या शेवटच्या दिवसाला शेवटच नव्हता. लोक हसत आणि सोडून देत.

मग आला फिल्टरवाला. पाणी गाळायची यंत्रं विकणारा, बोलायला साखरेसारखा. तो म्हणाला, "ताई, माणूस घाबरल्याशिवाय खिशात हात घालत नाही. तुम्ही सकाळी बोलता ना, अगदी त्याच आवाजात सांगा. थोडं थांबा, आणि मग माझ्या दुकानाचं नाव घ्या."

झालं! आम्ही चौकाचौकात गरजलो, "सावधान! नळाचं पाणी पिऊ नका! भरलेलं पाणी ओतून द्या!" आणि सगळी गल्ली दारात गोळा झाली, की मग, "आजच घरी आणा खात्रीचा फिल्टर!"

उतारावरच्या वस्तीत या बहीणभावांची सख्खी मावशी राहत होती. आई गेल्यावर दोघांना तिनेच वाढवलं. जन्मभर तिने दवाखान्यात नर्सची नोकरी केली, वस्तीतल्या प्रत्येक पोराला लस टोचली ती तिनेच. आमची आरोळी ऐकून बिचारीने भरलेलं पिंप मोरीत उपडं केलं होतं. पुढची जाहिरात कानावर पडली तशी ती तरातरा टेम्पोपाशी आली.

"काय गं, सकाळी तू सरकारची, दुपारी दुकानदाराची. मग आम्ही तुला खरी कधी समजायचं?"

"पोटासाठी करावं लागतं, मावशी," माईकताई हसत म्हणाली.

"पोटासाठी कर, पण आमच्या पोटात गोळा आणून करू नकोस."

त्यानंतर आम्ही वळणावर दिसलो की उंबऱ्यात कुणी येईना. खिडक्या मात्र लागू लागल्या, फटाफट, एकामागून एक. मला ते फार लागलं. बंद दारापुढे ओरडणाऱ्याला आपलाच आवाज परत ऐकावा लागतो.

आणि एका सकाळी इंजिनिअरबाई धावत टेम्पोपाशी आल्या. केस विस्कटलेले, चपलांना चिखल.

"रस्ता खोदताना उतारावरची पाण्याची लाईन फुटली. गटाराचं पाणी आत शिरलंय. नळ बंद करायला माणसं गेलीत, पण घराघरात भरून ठेवलेल्या पाण्याचं काय? ते पोटात जायच्या आत लोकांना सांगा. मी फुटलेल्या जागी जाऊन येतेच."

कागदावर फारसं लिहिलेलं नव्हतं. नळाचं पाणी पिऊ नका. भरलेलं पाणी ओतून द्या. माईकताईने ते वाचलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. शब्द न् शब्द फिल्टरवाल्याचा होता.

"ताई, आज खरं आहे म्हणून सांगू की," सारथी म्हणाला.

"त्या दिवशी तरी खोटं आहे म्हणून कुठे सांगितलं होतं?"

आम्ही वस्तीत शिरलो. माईकताई बोलली, आणि मी जीव तोडून बोललो. एक गृहस्थ दारात दाढी करत होते. गालावरचा फेस तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "आज फिल्टरवर किती सूट?" दोघी जणी खुदकन हसल्या. एक आई मुलीच्या शाळेची बाटली भरत होती, ती भरतच राहिली. माईकताईने आवाजाचं बटण पार टोकापर्यंत फिरवलं. माझी डबी थरथरू लागली. मोठ्याने बोललं की लोकांना पटतं, अशी माझी लहानपणापासूनची ठाम समजूत. पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी! उलट आवाज चढला तशा उरलेल्या खिडक्याही लागल्या.

इतक्यात एका पायरीवर बसलेल्या पोरीने पेला तोंडाला लावलेला माईकताईला दिसला. तिने चालत्या गाडीतून उडी टाकली आणि पेला हिसकावला. पोरीने भोकाड पसरलं. तिची आई पदर खोचत बाहेर आली.

"डोकं फिरलंय का तुमचं? लेकराच्या हातातलं पाणी काढून घेता?"

"अहो, खरंच खराब आहे हो!"

"त्या दिवशीही खरंच होतं ना?"

जिच्या आवाजाने गाव जागं व्हायचं, ती भर गल्लीत मुकी उभी राहिली. मित्रांनो, मला खरोखर भीती वाटली. आता इथे एकेक घर आजारी पडणार, आणि आपण एवढं मोठं तोंड घेऊन नुसतं बघत राहणार!

मग ती रडत, पळतच मावशीच्या दारी गेली. सारथीने गाडी मागोमाग नेली. मावशी पातेल्यात चहाचं पाणी ओतत होती.

"मावशी, आज मी काही विकायला आले नाही. गटार मिसळलंय पाण्यात. मला पाहिजे तेवढं बोल, पण आधी ते ओतून दे."

मावशीने तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. वाढवलेल्या लेकीचं रडू खरं की खोटं, हे तिला कळणार नाही तर कुणाला?

"तो फिल्टरवाला?" मावशीने विचारलं.

"बंद. आजपासून बंद."

"मग हो बाजूला. तुझ्या तोंडून आज कुणाला पटायचं नाही. सोनारानेच कान टोचलेले बरे. आण तो माईक."

आयुष्यात पहिल्यांदा मावशी माझ्यातून बोलली. ना 'सावधान', ना 'नागरिकहो'. नेहमीच्याच आवाजात ती म्हणाली, "मी मावशी बोलतेय. तुमच्या पोरांना सुया टोचणारी. हे आज जाहिरातीचं नाही. पाणी नासलंय. मी माझं पिंप ओततेय, बघायचं असेल त्याने बाहेर येऊन बघा. आणि कुणी प्यायलं असेल तर लपवू नका, माझ्याकडे या."

खिडक्या उघडल्या. दाढीवाले गृहस्थ फेसासकट बाहेर आले. मावशीने पिंप पायरीवरून कलतं केलं. मग शेजारणीने कळशी ओतली, शाळेची बाटली रिकामी झाली, आणि बघता बघता सगळ्या गल्लीतून पाण्याचे ओहोळ वाहू लागले. इंजिनिअरबाई चिखलाने माखून पोहोचल्या तेव्हा त्यांना सांगायला काही उरलंच नव्हतं. आधीच पाणी प्यालेल्या काहींची पोटं बिघडली, मावशीने त्यांना लगेच दवाखान्यात नेलं, आणि सगळे सुखरूप परत आले.

फिल्टरवाला दुपारी हजर. माईकताई त्याला म्हणाली, "दादा, फिल्टर खुशाल विका. त्याचे गुण सांगा, किंमत सांगा, मी बोलेन. पण लोकांना घाबरवायला माझा सकाळचा आवाज मिळणार नाही." तो जरा कुरकुरला. मग त्याने दुकानावर रंगीत पाटी लावली, आणि पाटी पाहून त्याचे फिल्टर खपलेही.

काही दिवसांनी लाईन दुरुस्त झाली. पाणी तपासलं, ते स्वच्छ निघालं. कचेरीतल्या सगळ्यांनी हुश्श केलं आणि ते आपापल्या कामाला लागले. वस्तीतले लोक मात्र अजून वरच्या रस्त्यावरून बादल्या वाहून आणत होते, कारण त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं.

"आपल्याला कुठे कागद आलाय?" सारथी म्हणाला.

"ज्या तोंडाने ओता म्हटलं, त्याच तोंडाने प्या म्हणायला नको? घाबरवायला सगळे येतात रे, धीर द्यायला परत कोण येतं?"

ती तडक कचेरीत गेली आणि इंजिनिअरबाईंनाच टेम्पोत बसवून घेऊन आली. आम्ही वस्तीच्या मधोमध थांबलो. माईकताईने आवाजाचं बटण कमी केलं. "पाणी तपासलंय. स्वच्छ आहे. आता प्यायला हरकत नाही," एवढंच ती म्हणाली. इंजिनिअरबाईंनीही तेच सांगितलं. दारं उघडली, लोक बाहेर आले, पण नळाकडे कुणीच वळेना. एकदा तोंड पोळलेला माणूस सहजासहजी घोट घेत नाही.

मग मावशी रिकामा पेला घेऊन आली. तिने तो नळाखाली धरला, काठोकाठ भरला, माझ्याकडे एकदा मान वर करून पाहिलं, आणि सगळ्या वस्तीसमोर घटाघटा पिऊन टाकला.

मित्रांनो, पुढे घराघरात फोन आले, निरोप खिशातच वाजू लागले आणि मी या गोदामात आलो. मला पुसलंत तर बरं वाटेल, नाही पुसलंत तरी माझी तक्रार नाही. पण तुम्हा प्रत्येकाच्या गळ्यात एक भोंगा आहे. त्याच्या शब्दावर कुणीतरी, कधीतरी, पेला तोंडाला लावणार आहे. तेवढा तो स्वच्छ ठेवा.