गाल फुगवायचे नाहीत

बँडमास्तरांच्या रक्तात अमायलेज नावाचं पाचकद्रव्य वर्षभर चढलेलं होतं आणि उतरायचं नाव घेत नव्हतं. ते म्हणे स्वादुपिंडातून येतं. म्हणून स्वादुपिंडाची सोनोग्राफी झाली, स्कॅन झाला. ते बिचारं ठणठणीत निघालं. तरी मास्तरांचं तळलेलं बंद, तिखट बंद. दुखत काहीच नव्हतं, पण वाईट शंका एकदा मनात शिरली की ठाण मांडून बसते. आपलं काही खरं नाही असं धरून मास्तर ट्रम्पेटवरचा आपला खास तुकडा धाकट्या भावाला गुपचूप शिकवू लागले.

नव्या डॉक्टरीणबाईंनी फाइल चाळली. "आता घशातून दुर्बीण घालून बघूया. आणखी काही त्रास?"

"यांना कसला त्रास? त्रास मला!" बायको म्हणाली. "उकडलेली भाजी वाढली की गाल फुगवून बसतात. दोन्ही वेळा!"

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "कधीपासून फुगतात? दोन्ही बाजूंनी?"

"अहो डॉक्टर, रुसतात म्हणतेय मी!"

मास्तरांना हसू फुटलं. "वाजवताना मात्र खरेच फुगतात हं," म्हणत त्यांनी ऐटीत फुगवून दाखवले. बाई उठल्या आणि त्यांनी मास्तरांच्या कानाखाली, मारली नाही, बोटं दाबली. आत बारीक करकर झाली.

"हवा!" बाई खूश झाल्या. "मास्तर, अमायलेज लाळेतही असतं. तुमची फुंकर लाळेच्या ग्रंथींत घुसते, त्या चिडतात आणि ते रक्तात सोडतात. आम्ही सगळे मात्र पोट धरून बसलो! दुर्बीण राहू दे. काही दिवस वाजवू नका, मग परत तपासू."

परत तपासलं, तर आकडा सरळ खाली आलेला. वाजवायला परवानगी मिळाली, फक्त गाल फुगवायचे नाहीत.

"हे कागदावर लिहून द्या," बायको म्हणाली. "फक्त 'वाजवताना' हा शब्द तेवढा लिहू नका."

बाहेर पडल्यावर ती हळूच म्हणाली, "आता भावोजींकडून तुमचा तुकडा परत घ्या."

मास्तर जागच्या जागी थबकले. "तुला माहीत होतं?"

"भिंतीला कान लावून मी रडत होते रोज. मला एका शब्दानं सांगितलं नाहीत!" असं म्हणून तिनं तोंड फिरवलं, आणि घर येईपर्यंत गाल फुगले होते ते तिचे.

घरी येताच मास्तरांनी ट्रम्पेट काढला आणि तो तुकडा गाल आत ओढून, दोनदा बेसूर होत, तिच्यासाठी वाजवला. तिसऱ्यांदा चुकले तेव्हा ती हसली.