चौकटीत न मावणारी आत्या

टेबलावर दोन फोन, एक टॅबलेट आणि माझा लॅपटॉप होता: चार पडदे, चार निरनिराळे ब्राउझर. चारही ठिकाणी एकच पान उघडलं होतं, आत्याच्या बटणांच्या दुकानाचं. बत्तीस बटणं; प्रत्येकाच्या चौकटीत फोटो, आत्याच्याच शब्दांत वर्णन आणि खाली ‘मागवा’.

पान मुख्यतः शिंपीकाकांसाठी होतं. गुडघ्यांमुळे त्यांना आमचे तीन जिने चढवत नव्हते, आणि फोनवर वर्णन सांगून मागवलेली बटणं दर वेळी भलतीच निघत.

तेवढ्यात त्यांचाच फोन आला. “अगं, ‘मागवा’वर तुझ्या आत्याचं बोलणं येऊन बसलंय. दाबू कुठे?”

आतेभाऊ खो खो हसला. “आईचं बोलणं घरात मावत नाही, चौकटीत काय मावणार!”

“तू गप रे,” आत्या म्हणाली.

तिच्या जुन्या फोनवर पाहिलं, तर तसंच. लॅपटॉपवर मात्र सगळं नीटनेटकं होतं: तीन ओळी आणि शेवटी तीन टिंबं. वर्णनाच्या जागेची उंची मी ठरवून टाकली होती आणि उरलेला मजकूर कापायला सांगितलं होतं. कापण्याची ती आज्ञा नवी होती. जुन्या ब्राउझरला ती कळली नाही. त्याने ती सोडून दिली आणि मजकूर खाली सांडला.

मी त्याला कळेल अशी जुनी आज्ञा लिहिली. आता सगळीकडे तीनच ओळी. आत्याने चष्मा चढवला.

“‘दिसायला देखणं, धुवायला सोपं, पण’... पण काय?”

“पुढचं कापलं गेलं.”

“अगं, खरं तर पुढेच आहे! इस्त्री लागली की वितळतं ते. काकांच्या कोटाला चिकटलं म्हणजे?”

बत्तीस वर्णनं वाचली. सगळीकडे आधी कौतुक, सावधगिरी शेवटी. आत्या बोलतेही तशीच.

मी ठरवलेली उंचीच काढून टाकली. मजकूर वाढेल तशी चौकट वाढू लागली; कापायला काही उरलंच नाही.

“काय केलंस?”

“एक ओळ पुसली.”

“मग सकाळपासून काय करत होतीस?”

“ती ओळ लिहीत होते.”

आत्या इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

काकांना पान पुन्हा उघडायला सांगितलं. फोनवर थोडा वेळ नुसतं पुटपुटणं ऐकू आलं. मग, “हे इस्त्रीला भिणारं नको बाई. शेजारचं शिंपल्याचं घेतो. बारा. हं, दाबलं!”

टॅबलेट वाजला. आत्या टाळी वाजवून बटणांच्या कप्प्याकडे धावली. मी मोजायला बसले.

तिच्या फोनवर त्या इस्त्रीला भिणाऱ्या बटणाच्या वर्णनाची जागा १६८ पिक्सेल उंच, आतला मजकूर १६८ पिक्सेल. चारही पडद्यांवर बाहेर आलेला मजकूर: शून्य.