मावशीची खिडकी

नकाशे काढून देणाऱ्या त्या माणसाला आज नगरपालिकेच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. एरवी इथं त्याची रोजची उठबस, शिपायापासून साहेबापर्यंत सगळे ओळखीचे. पण आज बरोबर मावशी होती, आणि भाचा आपल्या बाजूनं बोलायला आलाय, अशी त्या माउलीची समजूत.

मावशी शिवणकाम करायची. मशीनपाशी एकच खिडकी, उजेड काय तो तिथूनच. शेजारचा दुकानदार त्या भिंतीला खेटून दोन मजले चढवणार होता. शेजाऱ्याची खिडकी असेल तर दहा फूट जागा सोडायची, असा नियम. दुकानदारानं दिलेल्या नकाशात खिडकीच नव्हती. आणि तो नकाशा, सांगायलाही लाज वाटते, या भाच्यानंच काढलेला. एवढं मोठं काम हातचं जाऊ नये म्हणून त्यानं एक छोटा चौकोन गाळला. कोण बघतंय! पण मावशीनं हरकत घेतली आणि सोबतीला याच शहाण्याला बोलावलं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

साहेबांनी नकाशा उलगडला. भिंत तर सपाट दिसतेय, म्हणाले.

"असं कसं? याला विचारा," मावशी म्हणाली. "याचा सगळा अभ्यास त्याच खिडकीत बसून झालाय."

साहेबांनी कोपऱ्यातली सही पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं. मावशीनंही वाकून सही पाहिली. खरं सांगून मोकळं व्हावं, असं त्याला फार वाटलं, पण तो नकाशाचा दुमडलेला कोपरा सरळ करत राहिला.

"कामाच्या रगाड्यात राहून गेली असेल हो," मावशीच म्हणाली.

"हो, राहून गेली," तो पुटपुटला.

साहेबांनी नवा नकाशा आणायला सांगितला, दहा फूट सोडून. मावशीचा उजेड वाचला. याची मान मात्र वर होईना.

उतरताना त्यानं नेहमीसारखा हात पुढे केला. मावशीनं तो धरला नाही.

"रंगकामाचं माप घ्यायचंय म्हणून आला होतास ना गेल्या महिन्यात?" ती हळूच म्हणाली. "खिडकीपाशी टेपचं टोक मीच धरलं होतं रे."

आणि कठड्याला धरून ती एकटीच एकेक पायरी उतरू लागली.