मधला तुकडा

तिने सुरी सरळ खाली दाबली, केकचा एक जाडसर तुकडा कापला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. आत हिरवं म्हणावं असं काहीही नव्हतं. कडेला तपकिरी, मध्ये मळकट पिवळा. ओल्या पोत्याचा असतो तसला रंग.

"शेवाळ वाळलं वाटतं," आई म्हणाली. केकमधल्या हिरव्या पुडीला ती शेवाळच म्हणायची. इस्त्री तापेपर्यंत तिला टोमणे मारायला वेळ होता. समोर बाबांचा पांढरा शर्ट पसरलेला होता. आजारपणाच्या लांबलचक रजेनंतर बाबा उद्या कामावर जाणार होते, आणि आईने सकाळपासून त्यांच्या कपड्यांना हात लावायचं निमित्त सोडलं नव्हतं.

मुलीने तुकडा बशीत ठेवून बाबांपुढे सरकवला. त्यांनी तो खाल्ला, सावकाश, शेवटच्या कणापर्यंत.

"छान," ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. गेल्या आठवड्यातल्या केकलाही ते छानच म्हणाले होते, आणि तो तर जळला होता.

बाबा चहा चाखणारे होते. कुठल्या मळ्याचा माल घ्यायचा, कुठला परत पाठवायचा, कशात काय मिसळायचं, हे कंपनीत त्यांच्या घोटावर ठरायचं. नव्या हंगामाचे नमुने उद्या टेबलावर मांडले जाणार होते आणि साहेबांनी ते त्यांच्यासाठीच थांबवून धरले होते. अशा माणसाच्या तोंडी चवीबद्दल 'छान' हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. ते म्हणायचे, ओला पुठ्ठा. ते म्हणायचे, भाजलेली साल, किंवा लोखंडाच्या पिंपातलं पाणी. लहानपणी तिच्या वाढदिवसाच्या केकला ते सगळ्यांदेखत "नवी चप्पल" म्हणाले होते आणि आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

पण तिच्या डोक्यात आत्ता केकचा रंग होता. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती नुकतीच रंगांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत लागली होती, आणि हिरव्याचा तपकिरी का होतो हे कळल्याशिवाय तिला चैन पडणं शक्य नव्हतं. घरात तिचं नावच 'चौकशी' पडलं होतं. मात्चा, म्हणजे सावलीत वाढवलेल्या चहाच्या पानांची ती पिठासारखी पूड, बाबांनीच रजेवर असताना ऑफिसातून मागवून घेतली होती. तिला याचंही नवल वाटलं होतं. आजवर त्यांनी हिरव्या चहाला कधी चहा म्हटलं नव्हतं. वर तिलाच म्हणाले, याचं काहीतरी कर, केक कर, काहीही कर.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा नियम. आधी तिने ओव्हनची आच कमी केली. मग केक वरून फॉइलने झाकून पाहिला. थोडा फरक पडला, पण पोतं ते पोतंच राहिलं. आता उरली होती फक्त पूड.

तिने फळीवरची बरणी काढली. झाकण हातातच आलं. ते फिरवून लावलेलं नव्हतं, नुसतं वर ठेवलेलं होतं. आतली पूड पिवळट पडली होती आणि काचेच्या तोंडावर बोटांचे हिरवे ठसे होते.

"आई, ही बरणी उघडी कोण ठेवतं?"

"मी हात लावत नाही तुमच्या शेवाळाला," आई म्हणाली. "तुझे बाबा काढतात. दिवसातून सतरा वेळा. बघतात, ठेवतात. रिकामा माणूस, दुसरं काय."

बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

चहाच्या डब्याचं झाकण सैल राहिलं म्हणून याच स्वयंपाकघरात भांडणं झाली होती. हवा लागली, उजेड लागला की पान मेलं, असं ते म्हणायचे, आणि 'मेलं' म्हणताना खरोखर दुखवट्याला आल्यासारखा चेहरा करायचे. तिने बरणीचं झाकण घट्ट फिरवून लावलं. मग तिच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. तापातून उठल्यापासून बाबांचा सकाळचा चहा ऐकू येत नव्हता. आधी ते असा घोट ओढायचे की शेजारच्यांना कळायचं घरात चहा झाला. चाखणाऱ्याला तसा ओढावाच लागतो, हवेबरोबर वास नाकात मागून चढतो, हे त्यांनीच तिला समजावलं होतं. आता ते सभ्य माणसासारखे गुपचूप प्यायचे. आईला वाटलं होतं, आजारपणाने निदान एक तरी वळण लावलं.

दुपारी आई शेजारी गेली. मुलीने पुडीचं दुसरं, न फोडलेलं पाकीट फोडून केक केला. तो आतून लख्ख हिरवा निघाला, कोवळ्या पानासारखा, आणि एरवी ती स्वयंपाकघरात नाचली असती. तिने शेजारीच एक साधा केकही भाजला होता, पूड न घालता. एकसारखे तीन तुकडे कापून तिने ते एका बशीत ओळीने मांडले. दोन हिरवे आणि शेवटी एक साधा. बशी तिने टेबलावर ठेवली.

बाबांनी बशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नव्या उमेदवाराला कंपनीत असेच तीन कप देतात. दोन एका चहाचे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. कित्येक पोरांना त्यांनी स्वतः या परीक्षेत नापास केलं होतं.

"डोळे मिटायचे असतील," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि हात पुढे केला. तिने क्रम बदलून एकेक तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. प्रत्येकानंतर ते पाण्याने चूळ भरत होते, अगदी ऑफिसातल्यासारखे. तिसऱ्यानंतर त्यांनी दोनदा चूळ भरली.

"मधला," ते म्हणाले. "मधला वेगळा आहे."

"बरोबर."

त्यांनी डोळे उघडले. खांदे इतके खाली आले की आजवर ते केवढे वर चढलेले होते, हे तिला आत्ता कळलं. ते हसले, चष्मा लावला, पुन्हा काढला, पुसला. आपण उगाचच काळजी करत होतो, असं तिला वाटलं. पण क्षणभरच. मग सवयीने पुढचा प्रश्न आला.

तिने उरलेल्या केकचे तुकडे घेतले, डाव्या हाताने नाक घट्ट दाबलं आणि एक तुकडा तोंडात टाकला. सगळं एकदम सपाट झालं. गोड, मऊ, तुपकट, आणि जिभेच्या मागे कडवटपणा. त्यापलीकडे काही नाही. मग साधा तुकडा खाल्ला. गोड, मऊ, आणि कडवटपणा नाही. कोणालाही ओळखता आलं असतं.

तिने नाक सोडलं नाही. थोडा वेळ तशीच बसली, तोंडात ती सपाट चव घेऊन. बाबा तिच्याकडे बघत होते.

"सांग ना," ते म्हणाले.

तिने हात खाली घेतला.

"नाक दाबूनही मधला वेगळाच लागतो, बाबा. पुडीचा कडूपणा जिभेलाही कळतो. ही परीक्षा मी नीट मांडली नाही."

ती चूक आपल्या अंगावर घेत होती, हे दोघांनाही कळलं. बाबांनी बोटाने बशीतला एक हिरवा कण टिपला.

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, बशीकडे बघत. ताप उतरला त्या सकाळी आईने चहा दिला आणि तो चहासारखाच लागला. दुसऱ्या दिवशीही. मग एकदा पहाटेच्या अंधारात चहा समजून ते नुसतं दूध-साखरेचं गरम पाणीच प्याले, आई चहाची पूड टाकायला विसरली होती, आणि तेही त्यांना चहासारखंच लागलं.

"तेव्हा समजलं, मी चाखत नाहीये, आठवतोय. इतकी वर्षं प्यायलेली गोष्ट, तोंडाला पाठ झालेली. खरं काय आणि आठवण काय, सांगता येईना. म्हणून ही पूड मागवली. ही मी कधी चाखली नव्हती. हिची आठवणच नाही माझ्याकडे. काही लागलं, तर ते खरं असणार."

"आणि?"

"रोज वास घेऊन बघतो. तुझा केक बिघडवला मी."

बाहेर जिन्यावर कोणीतरी वर गेलं. तिला पुष्कळ विचारायचं होतं. डॉक्टर काय म्हणतात, आईला माहीत आहे का, असा गेलेला वास परत येतो तो किती दिवसांनी. तिने त्यातलं काहीच विचारलं नाही, आणि हे तिला फार जड गेलं.

"उद्या तुम्ही 'छान' म्हणालात, तर ते तुमच्या शब्दावर माल उचलतील," ती शेवटी म्हणाली.

"हो ना." त्यांनी खुर्ची मागे सरकवली, पण उठले नाहीत. "सकाळी आधी साहेबांच्या खोलीत जाईन. सांगून टाकेन. टेबलापाशी नंतर, बसू दिलं तर."

आईने इस्त्री केलेला शर्ट दाराच्या कडीला टांगलेला होता. ते थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी केकची थाळी तिच्याकडे ढकलली.

"आता तू खा. नाक मोकळं ठेवून. काय लागतं ते सांग."

तिने घास घेतला. "गवत."

"गवत सगळेच म्हणतात. कापलेलं, की उन्हात पडून राहिलेलं?"

तिला पुन्हा घास घ्यावा लागला. "कापलेलं. ओलं आहे अजून."

"हं. आणि त्याच्या मागे?"

मागे काही आहे, हेच तिला ठाऊक नव्हतं. तिने डोळे मिटले. बाबा टेबलावर पुढे झुकले होते, कोपरं टेकून, आणि अजिबात घाई करत नव्हते.

"काहीतरी आहे," ती म्हणाली. "थांबा, सांगते."